सात नंबरचं टेबल

आमच्या कॉलेजात व्यवसाय व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला चार क्रेडिट इंटर्नशिपची असतात. कुठल्या तरी खऱ्याखुऱ्या कचेरीत नाहीतर कारखान्यात दोनशेचाळीस तास काम करायचं, तिथल्या साहेबांची सही आणायची, वीस पानांचा अहवाल लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे त्यावर बोलायचं. बाकी सगळ्या विषयांत पहिला नंबर आला तरी ही चार क्रेडिट नसतील तर पदवी हातात पडत नाही. मुलांना जागा शोधून देणं, ती तिथे खरंच जातात की नाही ते बघणं आणि शेवटी कागद जुळवणं हे काम गेली अकरा वर्षं माझ्या गळ्यात आहे. इतक्या वर्षांत शेकडो अहवाल वाचले. त्यातला एकच मी घरी नेऊन पुन्हा वाचला.

तो लिहिला होता एका मुलीने, पण मला सांगायचंय तिच्या आईबद्दल. आईपर्यंत जायला मात्र मुलीच्या वाटेनेच जावं लागतं.

मुलीचं घरातलं नाव छकुली. वीस वर्षांची घोडी झाली तरी आईच्या तोंडातून ते नाव सुटलं नव्हतं, म्हणून इथेही तेच चालू दे. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसायची. अक्षर सुबक, बोलणं मोजकं. तिची इंटर्नशिप एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत ठरली होती. सुरू व्हायला आठवडा राहिला असताना त्या लोकांनी कचेरी हलवायला काढली आणि आम्हाला चक्क नाही म्हणून कळवलं. माझ्याकडे तेव्हा एकच जागा शिल्लक होती, शहराच्या कडेचा कप-बशांचा कारखाना. छकुलीला बोलावून मी कागद तिच्यापुढे ठेवला. कारखान्याचं नाव वाचून तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, दुसरं काहीच नाही का?"

मला जरा रागच आला. "कप-बशीला नाकं मुरडू नकोस. तिथून अठरा ठिकाणी माल जातो. शिकायला ढीगभर आहे."

ती सही करून कागद घेऊन गेली. तिचा चेहरा का उतरला ते मला महिन्याभराने कळलं. त्याच कारखान्यात, पॅकिंग विभागात, सात नंबरच्या टेबलावर तिची आई सतरा वर्षं काम करत होती.

पुढचं मी काही छकुलीकडून ऐकलं, काही तिच्या आईकडून. आई सांगते तेव्हा जास्त रंग चढतो.

त्या दिवशी संध्याकाळी आई कामावरून आली, हातपाय धुतले आणि चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "ते तू सारखं क्रेडिट क्रेडिट करतेस ते काय असतं गं? उधारीवर शिकवतात का तुम्हाला?"

छकुली हसली. मग तिने समजावून सांगितलं, की हे गुणांसारखंच असतं, फक्त परीक्षेऐवजी काम करून मिळवायचं. आणि कारखान्याचं नावही सांगून टाकलं. आईने गॅस बारीक केला. ओट्याची कड पुसली, मग पुसलेली कडच पुन्हा पुसली.

"आत आलीस की मला आई म्हणायचं नाही," ती म्हणाली. "तिथे मी मावशी. सगळे मला मावशीच म्हणतात. आणि तू मॅडम."

"असं कशाला?"

"अगं, चार वर्षांपूर्वी वरच्या कारकुनाचा भाचा लागला होता. पोरगा कामाला बरा होता. पण मामाच्या वशिल्याने आला म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव जावई ठेवलं. जाईपर्यंत जावईच राहिला बिचारा. तुला कुणी असं काही म्हटलेलं मला खपायचं नाही."

छकुलीने मान हलवली. तिने मला नंतर सांगितलं, की आईची ही अट ऐकून तिला आधी हायसं वाटलं आणि मग लगेच लाज वाटली. कारण कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं की ती "आई कंपनीत असते" एवढंच सांगायची. कुठल्या कंपनीत, काय करते, हे तिने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. आईला ते ठाऊक असावं असं तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं. ओटा पुसणाऱ्या आईच्या पाठीकडे बघत ती बराच वेळ बसली, पण विचारायचा धीर झाला नाही.

मग सुरू झालं दोघींचं नाटक. आई सातच्या बसने जायची, छकुली सव्वासातच्या. फाटकावर भेट झाली तर आई बाजूला सरकून म्हणायची, "या मॅडम, तुम्ही आधी." छकुलीला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. छकुली वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसायची, आई खाली. त्या खोलीतून खालची आठही टेबलं दिसत. जेवणाच्या सुट्टीत छकुली वर एकटीच डबा उघडायची. एकदा खालून तीन नंबरच्या टेबलावरची बाई काही कागद घेऊन वर आली. दिवसभर काम करताना ती गुणगुणत असायची, म्हणून तिला सगळ्या गाणारीण म्हणत. तिने डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अगोबाई, आमच्या मावशींनीही आज हीच भाजी आणलीय. चिरणीसुद्धा अशीच, बोटभर लांब." छकुलीने डब्याचं झाकण लावून टाकलं आणि भूक नाही म्हणाली. घरी जाऊन आईला सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून आई एकच भाजी दोन प्रकारे चिरायला लागली.

पहिले दोन आठवडे छकुलीकडे फुटकळ कामं होती. पत्रं लावणं, माल उशिरा मिळाला म्हणून आलेल्या तक्रारी वहीत उतरवणं. तक्रारी पुष्कळ होत्या. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावलं. साहेबांना येऊन दोनच वर्षं झाली होती. माणूस सरळ, पण घाईचा. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर देणाऱ्यातला.

"माल तयार असतो आणि गाडी उभी राहते," ते म्हणाले. "पॅकिंग अडतंय. का अडतंय ते तुम्ही शोधा. हे घड्याळ घ्या. प्रत्येक टेबलावर एक दिवस बसा. एक खोकं भरायला किती वेळ लागतो ते मोजा. नावं नकोत, टेबलाचे नंबर लिहा. तुमच्या अहवालालाही विषय झाला."

खोक्यात सहा कप आणि सहा बश्या जायच्या. प्रत्येक नग कागदात गुंडाळायचा, पुठ्ठ्याच्या खणात बसवायचा, वर पुठ्ठ्याची चकती, झाकण, आणि मग चिकटपट्टी, एक उभी आणि दोन आडव्या. ऐकायला सोपं आहे. छकुलीने एकदा स्वतः भरून पाहिलं तर सात मिनिटं लागली आणि एक कान मोडला. कपाचा, तिचा नव्हे.

पहिल्या सहा टेबलांचे दिवस बरे गेले. कुणाला दोन मिनिटं पस्तीस सेकंद, कुणाला दोन पन्नास, कुणाला तीनच्या आतबाहेर. बाया सुरुवातीला तिच्या हातातल्या घड्याळाकडे बघून अवघडायच्या, मग विसरून जायच्या. सातव्या दिवशी ती सात नंबरच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसली.

"बसा मॅडम," आई म्हणाली.

"तुमचं चालू द्या मावशी," छकुली म्हणाली.

आईने पहिली दहा-बारा खोकी अशी सपासप भरली की छकुलीला वाटलं, आई सगळ्यांच्या पुढे जाणार. मग वेग उतरला. कप उचलला की आई त्याच्या काठावर नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायची. चांगला कप खणखणीत वाजतो. बारीक तडा गेलेला असला, डोळ्यांना दिसत नसला, तरी आवाज बद्द येतो. तपासणीचं काम खरं तर आधीच्या विभागाचं. पॅकिंगच्या बायांनी ते पुन्हा करायचं नसतं, आणि बाकी कुणी करतही नव्हतं. आईने मात्र सतरा वर्षं एकही कप टिचकीशिवाय खोक्यात घातला नव्हता. त्या दिवशी तिने एक कप बाजूला काढला. छकुलीने तो उचलून बराच वेळ निरखला, तडा काही दिसला नाही. मग वाजवून बघितला. बद्दच होता.

पण वेळ जात होता तो काही फक्त टिचकीत जात नव्हता. चिकटपट्टीची गुंडाळी हातात धरायच्या कापणीवर, म्हणजे पातं लावलेल्या मुठीवर, बसवलेली असते. अंगठ्याने ती दाबून धरायची आणि मनगट झटकून पट्टी तोडायची. आई अंगठा लावतच नव्हती. ती कापणी तळहाताच्या उशीने दाबायची, ती घसरायची, मग कोपराने खोकं धरून पुन्हा दाबायची. एकदा इकडेतिकडे बघून तिने पट्टी दातांनी तोडली. उजव्या अंगठ्याचा बुंधा सुजून सुपारीएवढा झाला होता. छकुलीने तो अंगठा रोज बघितला होता आणि कधीच बघितला नव्हता. घरी डब्याची झाकणं उघडायला, पिळून कपडे वाळत घालायला आई तिलाच हाक मारायची. "तुझ्या हातात जोर आहे गं," म्हणायची. छकुलीला ते कौतुक वाटायचं.

घड्याळ थांबवायचं राहून गेलं. खोकं बंद होऊन पुढे सरकलं तरी काटा फिरतच होता.

"मॅडम," आई हळूच म्हणाली, "घड्याळ."

दिवसअखेर सरासरी निघाली तीन मिनिटं बावन्न सेकंद. तोवरच्या सातही टेबलांत सगळ्यांत जास्त, आणि इतकी जास्त की कुणाचंही बोट आधी तिथेच जावं.

त्या संध्याकाळी घरात आल्या आल्या छकुली म्हणाली, "मी तीन पाच लिहिणार आहे."

"काय तीन पाच?"

"तुझं टेबल. तीन मिनिटं पाच सेकंद. कुणाला कळणार आहे?"

आई खुर्चीवर बसली. ती चिडत नाही, तिची रीत वेगळी आहे. ती आधी पदर नीट करते, मग बोलते. "मोजलंस किती?"

"तीन बावन्न."

"मग तीन बावन्न लिही."

"आई, साहेब माणूस कसा आहे तुला माहीत आहे. उद्या म्हणतील, सात नंबरवर दुसरं कुणी बसवा. माझ्या कागदामुळे तुझं काम गेलं तर मी काय करू?"

"गेलं तर बघू. माझं काम माझ्या हाताने जाईल, तुझ्या कागदाने नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "छकू, मी एवढी वर्षं खोकं बांधलं की वर माझा नंबर टाकते. सात. कुणी उघडलं आणि आत फुटका कप निघाला तर तो माझा. आता तू पहिल्यांदा काहीतरी बांधते आहेस. त्यात माझ्यासाठी फुटका घालू नकोस."

छकुली रडली. आईने तिला रडू दिलं, आणि मग कणीक मळायला बसवलं, कारण हात दुखत होता हे आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. वही टेबलावर ठेवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता मला माझंच ते वाक्य आठवलं, नाकं मुरडू नकोस. मी तिची माफी मागितली. ती गोंधळली, तिला त्याची सवय नसावी.

घरचं माणूस असेल तिथे इंटर्नशिप करायची नाही, या नियमाप्रमाणे मी तिची जागा बदलायला हवी होती. ते मी तिला सांगितलंही. पण दोनशेचाळीसपैकी एकशेसाठ तास झाले होते. नव्याने सुरू करायचं तर वर्ष गेलं असतं.

"मी काय करू मॅडम?"

"साहेबांना सांगायचं. तू स्वतः, अहवाल देण्याआधी. आणि मोजलेला आकडा बदलायचा नाही."

"आईही तेच म्हणाली."

"मग आईचं ऐक. पण तू आत्तापर्यंत एकच गोष्ट मोजलीस, खोक्याला लागणारा वेळ. साहेबांनी विचारलं होतं की पॅकिंग का अडतं. त्या का-चं उत्तर तुझ्या वहीत अजून कुठे आहे?"

ती वही घेऊन गेली आणि पुन्हा पहिल्या टेबलापासून बसली. या वेळी तिने खोक्याचे तुकडे पाडले. गुंडाळण्याला किती, खण भरायला किती, पट्टीला किती. आणि तिला दिसलं, की वेळ सगळ्याच टेबलांवर पट्टीशी अडतो. कापण्यांची पाती बोथट झाली होती, कित्येक वर्षांत कुणी बदलली नव्हती. सकाळी ज्या बाईला पट्टीला पंधरा सेकंद लागत, तिलाच दुपारी चारला पंचवीस लागत. म्हणजे हात थकत होते. आईचे नुसते थकले नव्हते, कामातून गेले होते. पण वाट सगळ्यांची तीच होती.

तिने बायांना विचारलं, अंगठा दुखतो का. बाकीच्या सातही जणी म्हणाल्या, "छे, कुठे काय." हात दुखतो म्हणणारीचं नाव आधी कापलं जातं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. घड्याळ घेऊन बसणाऱ्या मॅडमला त्या कशाला सांगतील?

छकुलीने घरी हे आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईने वर जाऊन काचेच्या दारावर टकटक केलं आणि म्हणाली, "मॅडम, खाली या जरा. डबा घेऊन या."

खाली सगळ्या बाया लांबलचक बाकांवर बसल्या होत्या. आई मध्ये उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नाही. तिने पदर नीट केला.

"मला एक सांगायचंय. ही जी वर बसते ना, ती माझी मुलगी आहे. मी तुमच्यापासून लपवलं. तिला हात दाखवा. ती खरं लिहील."

गाणारीण हातातला घास संपवून म्हणाली, "एवढंच ना? तू अशी उभी राहिलीस, मला वाटलं नोकरी सोडतेयस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती मान खाली घालून हसते ना, तशीच तू हसतेस. आणि अलीकडे तर तू भाजी वेगळी चिरतेस. सतरा वर्षांत कधी नाही, ते आताच कशाला चिरशील?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

आई मटकन बाकावर बसली. कुणीतरी छकुलीला सरकून जागा दिली. आणि मग जेवण झाल्यावर, धुतलेले ओले हात एकामागून एक तिच्यापुढे आले. आठांपैकी पाच जणींचे अंगठे सुजलेले होते. एकीने फडकं बांधलं होतं आणि विचारलं की सांगायची, भाजलंय. एकीला रात्री हात उशीखाली दाबून झोपावं लागायचं. छकुली लिहीत होती. तिला एकदाही घड्याळ काढावं लागलं नाही.

साहेबांना तिने त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं, हेच विशेष.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"चूक झाली, साहेब."

त्यांनी मला फोन केला, मी दुसऱ्या दिवशी गेले. साहेब नाराज होते, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना. "आता हे आकडे मी खरे कसे धरू?" ते म्हणाले. "आईच्या टेबलाचा आकडा मुलीने काढलेला."

छकुली हळू आवाजात म्हणाली, "साहेब, सात नंबरचा आकडा सगळ्यांत वाईट आहे. मला लपवायचा असता तर एवढा वाईट ठेवला नसता. पण तुम्ही पुन्हा मोजा. तोवर सही करू नका."

साहेबांनी खरंच सही अडवली. माल पाठवणाऱ्या कारकुनाला घेऊन ते स्वतः तीन दिवस खाली बसले. सात नंबरला त्यांचा आकडा आला तीन मिनिटं पंचावन्न. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईच्या हातून कापणी घेतली आणि ओळीने दहा खोक्यांना पट्टी लावली. अकराव्याला कापणी खाली ठेवून अंगठा चोळला. आई म्हणाली, "पहिल्या दहाला काही नसतं साहेब." गाणारीण म्हणते तेव्हा साहेब लाल झाले होते. आई म्हणते तसं काही नाही, उजेड तसा होता.

सही झाली. टेबलाला पक्की बसणारी, पाय दाबला की पट्टी तोडून देणारी यंत्रं मागवायचं ठरलं. ती यायला अडीच महिने गेले. आधी तीन आली, मग पाच. पहिल्या तिनांतलं एक सात नंबरला बसलं. आईचा आकडा तीन वीसवर आला. तरीही ती आठांत शेवटचीच होती. आणि साहेबांनी एक गोष्ट मात्र बंद केली, टिचकी. तपासणी एकदाच होईल, आधीच्या विभागात, असा कागदच भिंतीवर लागला. छकुलीनेच अहवालात टिचकीचे बावीस सेकंद लिहिले होते. आठवड्यात अशा टिचक्यांनी पाच तडा गेलेले कप सापडले, हेही लिहिलं होतं, पण साहेबांनी बावीस सेकंद तेवढे धरले. आईला अंगठ्यापेक्षा हे जास्त लागलं. "बहिऱ्यासारखी बांधते आता," ती म्हणायची. छकुलीला ते ऐकवत नसे. मी तिला म्हटलं, खरं लिहिलं की त्यातलं कुठलं कोण उचलेल ते आपल्या हातात राहत नाही. माझ्या या बोलण्याने तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, केस पिकलेले, चष्मा कपाळावर. अहवाल त्यांनी वाचलेला होता. त्यांनी विचारलं, "सात नंबरचं टेबल एवढं मागे का?"

वर्गातल्या तिच्या मैत्रिणी मागे बसल्या होत्या, त्यांची पाळी पुढे होती. छकुली म्हणाली, "त्या टेबलावर माझी आई काम करते, सर. पॅकिंग करते. सतरा वर्षं. तिच्या अंगठ्याचा बुंधा सुजलाय." आणि मग तिने पट्टीचा तक्ता दाखवायला घेतला. आवाज एकदा कापला, तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यावर सावरला.

परीक्षकांनी तिला चार क्रेडिट दिली, पण श्रेणी दिली बी. नातं सुरुवातीलाच उघड केलं नाही म्हणून एक पायरी खाली. मी त्यांच्याशी वाद घातला. छकुली म्हणाली, "असू दे मॅडम, बरोबर आहे ते." आईला तिने घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "बी म्हणजे पास ना?" पास म्हटल्यावर तिने शेजारी जाऊन सांगितलं, की मुलीला बी मिळाला. शेजारणीला काहीच उलगडा झाला नाही, पण तिने अभिनंदन केलं.

निकालानंतरच्या आठवड्यात छकुली आईला हातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आई तयार नव्हती. शेवटी दोघींचं ठरलं, की फक्त दाखवायचं, औषध नाही घ्यायचं. डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं, वर्षं विचारली. "दुखतं का?" म्हटल्यावर आई म्हणाली, "चालतंय तसं." बाईंनी अंगठ्याच्या बुंध्याशी बोट ठेवून अगदी हलकं दाबलं. आईने ओठ आवळून भिंतीकडे बघितलं. मग छकुलीकडे बघितलं.

"दुखतं," ती म्हणाली. "तीन वर्षं दुखतंय."

छकुली म्हणाली, "तीन वर्षं? म्हणजे मी कॉलेजला जायला लागले तेव्हापासून? आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू पुस्तकं टाकून माझा अंगठा धरून बसली असतीस."

"मग आत्ता कशी बोललीस?"

"आत्ता झालं ना तुझं सगळं."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं आणि दोघींसाठी पाणी मागवलं. सहा आठवडे अंगठ्याला पट्टा, आणि दाबायचं काम कायमचं बंद, असं कागदावर लिहून दिलं. तो कागद आईने स्वतःच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेबांनी पूर्ण वाचला. तपासणी विभागातली एक बाई दोन महिन्यांत निवृत्त होणार होती. ती जागा घ्याल का, म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, विचार करून सांगते. दोन दिवस तिने खरंच विचार केला, कारण गाणारीण आणि बाकीच्या सहाजणी खाली राहणार होत्या. मग हो म्हणाली. पट्टा बांधलेला असल्यामुळे त्या सहा आठवड्यांत तिची वेणी छकुली घालायची. नीट जमायची नाही, एका बाजूला जायची. आई तशीच कामावर जायची, आणि कुणी विचारलं की सांगायची, "लेकीने घातली."